शिवाजीनगरचं की पाषाणचं?

पुण्यात आकाशकंदील उतरले आणि अंघोळीआधी मनाची तयारी करावी लागू लागली, की थंडीकाका कामाला लागतात. तुमच्याही सोसायटीत ते असणारच. नाव वेगळं असेल, मफलर तोच. त्यांचं काम एकच, दुसऱ्याला वाजणारी थंडी रद्द करणं. तुम्ही लिफ्टमध्ये हात चोळत "आज गारठलो बुवा, बारा होतं म्हणे" एवढं म्हणायचा अवकाश. काका चष्म्यावरून बघतात. "बारा? शिवाजीनगरचं की पाषाणचं?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. शिवाजीनगरचं म्हणालात, तर "मग पाषाणला दहा असणार, त्यांनी कुडकुडावं, तुम्हाला काय झालं?" पाषाणचं म्हणालात, तर "पाषाणचं आम्हाला कशाला सांगता?" मगरपट्ट्याच्या तापमानाला ते तापमानच मानत नाहीत. आणि सगळ्या वादाचा शेवट ठरलेला: १७ जानेवारी १९३५, पुणे, १.७ अंश. हे ते अशा थाटात सांगतात, की त्या पहाटे वेधशाळेत वहीवर आकडा यांनीच टिपला असावा. त्या साली काकांच्या वडिलांची मुंज व्हायची होती.

यावर त्यांचा एक सिद्धान्तही आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या इमारतीला आणि चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. इथवर इतिहास. पुढचं काकांचं: फायलींच्या पेट्यांबरोबर थोडी थंडीही आली, म्हणूनच १९३५. मग १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं. "आणि बघा आता दिल्लीत काय थंडी पडते ती! आपलीच आहे." पुण्याचं काहीतरी दिल्लीने नेलं, हे ऐकून मान न डोलावणारा माणूस आमच्या सोसायटीत नाही. त्यामुळे सिद्धान्त बिनविरोध मंजूर आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन आभाळ आलं आणि पारा चढला, की मात्र काका दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत. तो पट्टा त्यांना विचारून तयार व्हायला हवा होता.

डिसेंबर लागायच्या आत काका गाडी काढतात. "चल, तुला खरी थंडी दाखवतो." खरी थंडी महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी राहते आणि ती सूर्य उगवल्यावर कोणाला भेटत नाही, म्हणून पहाटे चारला निघायचं. गाडीत हीटर लावायचा नाही ("मग घरी काय वाईट होतं?"). समोरच्या पडद्यावर चौदाचा आकडा दिसला, तर तो बघायचा नाही. "सेन्सर बंपरपाशी असतो. त्याला इंजिनाची ऊब लागते, रस्त्याची लागते. खरं तापमान असं मोजत नाहीत. पांढऱ्या झडपांची पेटी लागते, जमिनीपासून चारेक फूट वर." ती पेटी गाडीत मावत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. म्हणून लाल रंगाचं अल्कोहोल भरलेला एक थर्मामीटर, त्याला आकाशकंदिलाची उरलेली सुतळी, आणि तो माझ्या हातात. मी हात खिडकीबाहेर काढून बसायचं. काच अर्थातच खाली. शिरवळ येईपर्यंत माझी बोटं कोणाची आहेत ते मला कळेनासं झालं.

"काका, नऊ!"

"सरळ धर. तिरका धरलास की एक अंश खातोस."

खंबाटकी चढून पलीकडे उतरलो, तर खाली घाटमाथ्यापेक्षा जास्त गार. काकांचा चेहरा उजळला. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन बसते, जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून घसरत सखल भागात साठते. वेण्णाकाठी, लिंगमळ्याला दव गोठतं ते याच हिशेबाने, हे त्यांनी गिअर बदलत समजावलं. खरं सांगतो, इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. पण लगेच पुढे "अर्थात, १९३५ साली..." आलंच.

सुरूर फाट्याला वाईकडे वळलो आणि अंधारात अचानक पुढे एक बैलगाडी. मागे दिवा नाही, काही नाही. ऊसतोडीचा हंगाम नुकताच लागलेला. रिकामी गाडी फडाकडे निघाली होती. आत कोयत्यांचा गठ्ठा, दोन बायका, आणि शालीच्या गाठोड्यातून डोकावणारं एक टोपडं. काकांनी ओव्हरटेक केलं नाही. दोन्ही इंडिकेटर लावले आणि बैलांच्या चालीने मागोमाग चालू लागले. पाठीमागून हॉर्न सुरू झाले. एक मोठी गाडी शेजारी येऊन, काच दोन बोटं उघडून, आतल्या उबेतून आमचा उद्धार करून गेली. काका ढिम्म. मी शिवाजीनगर-पाषाणची वाट बघत होतो. ते आलं नाही.

पुढे रस्ता रुंद झाला तसे त्यांनी हाका मारून गाडीवानाला थांबवलं. डिकीतून लाल रिफ्लेक्टर पट्टीचं भेंडोळं काढलं. मागच्या फळीवर दव होतं, पट्टी चिकटेना. तेव्हा काकांनी गळ्यातला मफलर काढला, फळी कोरडी पुसली आणि आडव्या दोन पट्ट्या अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या. भेंडोळं अर्ध्याहून अधिक संपलेलं होतं. "कारखान्यावाल्यांना सांगून घसा बसला," गाडीत बसताना एवढंच पुटपुटले. बाळाच्या आईने "कुठलं गाव?" विचारलं, तेव्हा "पुणं" म्हणाले. तीही म्हणाली, "लई गारठा हाय हिकडं." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य काकांनी खोडलं नाही.

वेण्णाकाठी हिमकण नव्हते. दर हिवाळ्यात पेपरात गाडीच्या टपावरच्या पांढऱ्या थराचा जो फोटो येतो, तो थर आमच्या टपावर बसला नाही. काकांनी सवयीने निराश होऊन मक्याचं कणीस खाल्लं आणि आम्ही परतलो. मफलर मागच्या सीटवर ओला पडून होता.

संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर कोणीतरी डिवचलंच, "काय काका, होती का थंडी?"

"होती," काका म्हणाले.

कट्टा गप्प झाला. रात्रीपर्यंत काकांना बरं नाही, ही बातमी तिन्ही इमारतींत पोचली. कोणी काढा पाठवला, कोणी आल्याच्या वड्या. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई स्वतः वर गेल्या, तोंड उघडायला लावून थर्मामीटर ठेवला आणि "नव्याण्णव आहे, काका" म्हणाल्या.

काका उठून बसले. "नव्याण्णव? जिभेखालचं की काखेतलं?"