अगं बाई, पुंगळीच बदलली!

कुणाला सांगू नका, पण आमच्या मोशीच्या सोसायटीत सध्या एकच विषय आहे. डी विंगमधल्या मुलानं गाडीची पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, बदलली! एरवी कुणाचं लग्न मोडलं, कुणी फ्लॅट विकला, या बातम्या लिफ्टमध्येच शिळ्या होतात. ही मात्र गरमागरम राहिलीय, कारण त्याची कारखान्यातली सेकंड शिफ्ट सुटली की ती रोज मध्यरात्री नव्यानं प्रसारित होते. आधी स्पाईन रोडवरून लांबची घरघर, मग गेटपाशी डुग-डुग-डुग, आणि पार्किंगमध्ये शिरताना शेवटचा फाट्! चौथ्या मजल्यावरचं बाळ रडतं, खालच्या कारचे अलार्म रडतात आणि बी विंगच्या काकू गॅलरीत येऊन जाहीर करतात, "आला हो, दिवटा आला!"

काकूंना आता बघावंही लागत नाही. "ही लाँग बॉटल. ही शॉर्ट बॉटल. हा इंदोरी." जन्मात गाडीला किक मारली नाही, पण पुंगळ्यांचे वाण आंब्यांसारखे पाठ! त्यांतला हापूस म्हणजे स्लोव्हेनियाची आक्रापोविच. नाव धड घेता येत नाही आणि किंमत ऐकवत नाही. म्हणून बहुतेक जण नुसता स्टिकर चिकटवतात. खाली माल अस्सल देशी.

आणि तो फटाका! चालती गाडी क्षणभर बंद करायची. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पुंगळीत जातं, पुन्हा चालू केलं की तिथंच भडका उडतो. शंभर रुपयांच्या वर गेलेलं पेट्रोल असं हवेत उडवायचं, आणि वर "गाडीचं ॲव्हरेज पडलंय" म्हणून घरी तोंड पाडायचं. याला काय म्हणावं?

बरं, हे चाललंय कुठं? दुसऱ्या गावात असतं तर अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण हे आपल्या एमएच-१४ मध्ये! चाकणला बजाजच्या कारखान्यात पल्सर बनते, केटीएम बनते, आता ट्रायम्फसुद्धा बनते. गाड्या तपासणारी एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे आणि तिचं एक केंद्र चाकणलाही आहे. भोसरीत सीआयआरटी ही तशीच संस्था आहे. म्हणजे मोटरसायकल किती बोलते, हे जिथं मोजलं जातं तिथंच पोरं तिला बोंबलायला शिकवतात. वैद्याच्या घरीच पथ्य मोडायचं, तसला प्रकार!

आवाजाची परीक्षासुद्धा काय कडक असते म्हणता! मोकळा ट्रॅक, गाडीच्या वाटेपासून साडेसात मीटरवर माईक. गाडी ठरल्या वेगानं येते, ठरलेल्या रेषेवर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा आणि माईकसमोरून निघून जायचं. ८० ते १७५ सीसीच्या मोटरसायकलला ७७ डेसिबलची मर्यादा, त्याहून मोठीला ८०. डेसिबलचा हिशेब सरळ नसतो. दहा वाढले तर ध्वनीची ऊर्जा दहापट होते. आणि आपल्या निवासी भागात रात्री दहानंतर परवानगी किती? ४५. एवढ्यात तर काकूंचं घोरणंही बसत नाही, असं काकाच म्हणतात.

तरी पोरगं काय करतं? शिफ्टभर लाईनवर उभं राहून टॉर्क रेंचनं मापात सायलेन्सर बसवतं. त्यातल्या एकेका पडद्याची, जाळीची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची त्याला माहिती असते. आणि पगार झाला की रविवारी गॅरेजात जाऊन स्वतःच्या गाडीचा तोच सायलेन्सर काढून भंगारात टाकतं! विचारलं तर म्हणतं, "पॉवर वाढते." कसली पॉवर, मेल्या? इंजिनाला हवा किती, पेट्रोल किती याचं गणित कंपनीनं त्या मूळ पुंगळीवर बसवलेलं असतं. पुंगळी मोकळी केली की छोट्या गाडीत वाढतो तो मुख्यतः आवाज, आणि कधीकधी चौकातून निघतानाचा जोर उलट कमी होतो.

दुकानदार तर त्याहून वस्ताद. "रोड लीगल आहे दादा, ई मार्क बघा की!" अरे, तो ई मार्क युरोपातल्या मंजुरीचा! लंडनचं लग्नाचं सर्टिफिकेट दाखवून चाकणच्या ग्रामदैवताला मुंडावळ्या बांधण्यातला प्रकार. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ मापांशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: असा बेकायदा बदल केला तर बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० वेगळं उभंच आहे. तिथं दंड दहा हजारांपर्यंत जातो आणि लायसन्सही तीन महिने घरी बसतं. एवढ्याशा नळीवर एवढी कलमं!

पोलिसांचा राग तर प्रसिद्धच. महाराष्ट्रातल्या किती शहरांत जप्त पुंगळ्या रस्त्यावर ओळीनं झोपवून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला! फोटोत त्या अशा चेपलेल्या दिसतात, जणू पंगतीतले पापड.

आणि एवढं करून मिळवायचं काय? रेसिंगची पुंगळी लावून हा वीर चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या मागे अर्धा तास उभा! आवाज विमानाचा, वेग बैलगाडीचा.

पण खरं सांगू? आपणही काही कमी नाही. मोटरसायकलला मराठीत जुनं नाव काय? फटफटी. ना वेगावरून, ना चाकांवरून. आपण तिचं बारसंच आवाजावरून केलं. जावाच्या, येझदीच्या आवाजावर जीव टाकणारे काका आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये "हल्लीची पोरं" म्हणत तावातावानं बोलतात. कारखान्यात त्या पोराला टोकन नंबरनं ओळखतात. तिथल्या दणदणाटात आठ तास कानांत बोळे घालून उभं राहिल्यावर, सगळ्या गावाला कळेल अशी त्याची एकच गोष्ट उरते: मी आलो.

तर परवा मीटिंग झाली. काकूंनी ठराव मांडला: पुंगळीवाल्यांना गेटच्या आत बंदी. टाळ्या. एवढ्यात गेटवर डुग-डुग-डुग, फाट्! सगळे कावरेबावरे. काकूंनी मात्र कान टवकारला, चेहरा एकदम फुलला आणि त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "अगं, चहा टाक. नांदुऱ्याचा भाचा आलाय."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"काय बघताय? आमच्याचा आवाज जरा खानदानी आहे!"