युक्तिराज

पेकिंगला चिनी शिकावयास आलेल्या परदेशी विद्यार्थिमंडळींत युक्तिराज हटकून भेटतो. पाठांतर हे मंदबुद्धीचे काम असून, आपण प्रत्येक अक्षराची कथा रचून ते तहहयात स्मरणात कैद करतो, असा त्याचा दावा असतो. आणि छपराखाली डुक्कर म्हणजे घर, झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती, छपराखाली स्त्री म्हणजे शांतता, एवढा ऐवज पहिल्याच आठवड्यात हाती लागल्यामुळे तो ऐकणारालाही काही काळ खरा वाटतो. (शेवटच्या अक्षरापाशी विवाहित श्रोते सहसा मौन पाळतात.)

वस्तुतः बहुसंख्य चिनी अक्षरांत एक अंग अर्थ सुचविते व दुसरे केवळ उच्चार. आईच्या अक्षरात स्त्रीशेजारी घोडा उभा असतो, तो 'मा' या ध्वनीची चाकरी बजावण्यापुरता. शू शन या कोशकाराने हा प्रकार इसवी सन 100 च्या सुमारासच नोंदवून ठेवला आहे. पण युक्तिराज तो पुरावा दप्तरी दाखल करून घेत नाही. आई घोड्यासारखी राबते, हा त्याचा निकाल, आणि त्यावर अपील नाही. परिणामी 'घरगुती जेवण' अशा पाटीसमोर उभा राहून तो त्या पहिल्या अक्षरातील डुकराचा समग्र कुळवृत्तांत सांगू शकतो. उच्चार तेवढा स्मरत नाही, आणि अखेर वाढप्याला शेजाऱ्याचे ताट बोटाने दाखवावे लागते.

चार अक्षरी म्हणींवर तर त्याचा विशेष लोभ. सहाध्यायाची सायकल चोरीस गेली, की सांत्वनास सरहद्दीवरचा म्हातारा हजर होतो: त्याचा घोडा पळाला, तो दुसरा उमदा घोडा घेऊन परतला, त्यावरून पडून मुलाचा पाय मोडला, आणि त्या मोडक्या पायामुळेच मुलगा लढाईतून वाचला. कथा आटोपते तोवर चौकीवर फिर्याद देण्याची वेळ टळलेली असते. सापाला पाय काढून पैजेचे मद्य गमावणाऱ्या चित्रकाराची गोष्टही तो रंगवून सांगतो, व संपल्यावर तिचे तात्पर्य दोनदा समजावतो.

परंपरा विचाराल, तर तो मात्तेओ रिची या जेझुइट पाद्र्याचे नाव घेतो. 1578 साली गोव्यास उतरलेला हा इटालियन पुढे चीनमध्ये गेला, आणि 1596 मध्ये नानचांग येथे त्याने प्रांताधिपतीच्या परीक्षार्थी मुलांसाठी चिनी भाषेत स्मरणकलेवर ग्रंथ रचला: मनात वाडा उभारावा, दालनोदालनी प्रतिमा मांडाव्यात, हव्या तेव्हा जाऊन पाहाव्यात. हे सारे युक्तिराजास मुखोद्गत आहे. नियम खरे, पण ते वापरावयास मुळातच असाधारण स्मरणशक्ती हवी, हा त्या प्रांताधिपतीच्या थोरल्या चिरंजीवांचा अभिप्राय मात्र वाड्याच्या कोणत्या दालनात ठेवला होता, ते त्याला अद्याप सापडलेले नाही.