मेहरूणला सोडलेली बदकं

“काकू, कोपऱ्यावरच्या बंगल्यातली बदकं दिसत नाहीत हल्ली.”

“हळू बोल! जरा कुंपणाजवळ ये. मेहरूण तलावावर सोडून आले ती.”

“व माय! कधी?”

“रात्री, पोत्यात घालून. नातवाने हट्ट केला म्हणून पिवळी पिल्लं आणली. मोठी झाली, अंगणभर घाण करायला लागली. मग ‘मोकळी केली’ म्हणतात.”

“पाण्यातच सोडली ना पण? तिथे रानबदकं असतातच की. सोबत झाली.”

“कसली सोबत! चक्रवाक, थापट्या हे हिवाळ्यातले पाहुणे. चक्रवाक तर लडाख-तिबेटकडचा. ऊन तापलं की चालला परत. ह्या पाळीव बदकांचं अंग जड, धड उडता येत नाही. त्यात पांढरीशुभ्र, कुत्र्याला लांबूनच दिसणार.”

“हळदीकुंकू बदक तर बारमाही इथलंच ना?”

“तेच सांगतेय! आमचे हे रोज तिकडे फिरायला जातात. म्हणे, बंगल्यातला नर हळदीकुंकवाच्या मादीमागे असतो.”

“अय्या! जमेल त्यांचं?”

“न जमायला काय झालं? आपली बहुतेक पाळीव बदकं मॅलार्ड ह्या रानबदकाच्या वंशातली, आणि हळदीकुंकू त्यांच्याच भावकीतलं. पिल्लंसुद्धा होतात. पण असंच चाललं तर रानातला मूळ वाण बिघडतो.”

“लोक पाव टाकतात त्यांना. उपाशी तरी नाहीत.”

“पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. उरलेला पाण्यात कुजतो तो वेगळाच. आणि रोगराईचं काय? २००६ आठवतं ना?”

“नवापूरचा बर्ड फ्लू? मी शाळेत होते तेव्हा. घरात कोंबडी बंद झाली होती.”

“देशातली पहिली साथ ती, आपल्या खानदेशातली. फेब्रुवारीत नवापूर, मार्चमध्ये आपला जळगाव जिल्हा. रानबदकं आजारी न दिसताही तो विषाणू वाहू शकतात. त्यांच्यात राहिलेलं पाळीव बदक उद्या कुणाच्या परसातल्या कोंबड्यांत शिरलं तर?”

“अगं बाई! धुळ्याची माझी नणंद तिची जोडी नकाण्याच्या तलावात सोडायची म्हणतेय.”

“आत्ता फोन लाव तिला! म्हणावं, आधीच कोंबड्या-बदकं पाळणारा शेतकरी बघ. त्याला अंडी, बदकांना खुराडं. आणि बंगलेवाल्यांनीही आपली परत आणून, आधी काही दिवस कोंबड्यांपासून वेगळी ठेवून, मग तसंच करावं.”

“त्यांना सांगणार कोण?”

“मी. उद्या पापड लाटायला येणार आहे बंगलेवाली. तोवर तू कुणाजवळ बोलू नकोस.”

“मी कशाला बोलू! पण नणंदेने कारण विचारलं, तर बंगल्याचं नाव घ्यावंच लागेल ना?”