गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय

हत्तीला ताप आला तर काय करावं, हे सांगणारा एक जाडजूड संस्कृत ग्रंथ 1894 साली पुण्याच्या बुधवार पेठेतून प्रसिद्ध झाला. पालकाप्य मुनींचा ‘हस्त्यायुर्वेद’. प्रकाशक, आनंदाश्रम संस्था. पेशवाई बुडून तेव्हा पाऊणशे वर्षं उलटली होती. बुधवार पेठेत हत्ती उरले नव्हते. ज्या संस्थानिकांच्या पदरी होते, त्यांचे माहूत रात्री दिवा लावून संस्कृत वाचत बसत असतील, असंही वाटत नाही. तरी ग्रंथ निघाला आणि तो कोण विकत घेणार म्हणून कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही.

आनंदाश्रम 1888 साली काढला महादेव चिमणाजी आपटे यांनी. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करून मिळवलेला पैसा त्यांनी पोथ्या गोळा करण्यात आणि छापण्यात घातला. वकिलानं पक्षकारांकडून घ्यावं आणि पालकाप्याला द्यावं, हा व्यवहार मला फार आवडतो. मालेतला पहिला ग्रंथ गणपती अथर्वशीर्ष, भाष्यासह. हे पुण्याच्या रीतीला धरूनच झालं आणि खपाच्या दृष्टीनंही शहाणपणाचं. पण गणपतीला नमस्कार करून झाल्यावर मंडळी जी सुटली ती पुराणं, स्मृती, ‘संगीतरत्नाकर’, सायणभाष्यासह तैत्तिरीय संहिता अशी शंभरावर ग्रंथांपर्यंत थांबलीच नाहीत.

या ग्रंथांचं पहिलं पान सावकाश वाचावं. तिथे सगळं संस्कृतात. पुणं हे ‘पुण्याख्यपत्तन’, साल शालिवाहन शकाचं, त्याच्या सोबतीला ख्रिस्ताब्द. किंमतसुद्धा संस्कृतात, रुपयांबरोबर आणेही विभक्ती लावून सोवळ्यात बसलेले. आणि खाली, सर्व हक्क सरकारी कायद्याप्रमाणे राखून ठेवल्याची सूचना. हत्तीच्या तापावरचा ग्रंथ चोरून छापून कोण गबर होणार होता? पण कायदा तो कायदा. शेवटी संस्थापक वकील होते.

पुढच्या पानावर आधाराला घेतलेल्या हस्तलिखितांची यादी. कुणाची पोथी पुण्याची, कुणाची इंदूरची, कुणाची बडोद्याची. प्रत्येकीला नाव ठेवलेलं क, ख, ग, घ. मग पानोपानी तळटिपांत त्यांची भांडणं. क म्हणते असं, ग म्हणते तसं, आणि घ मध्ये नेमकं तेवढंच पान नाही. ज्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातून पोथी काढून दिली, त्या मालकांची नावं मात्र आदरानं छापलेली. आपल्याकडे पुस्तक उसनं दिलेल्याची एवढी आठवण क्वचितच कुणी ठेवतं.

खरी गंमत पुढेच आहे. या संस्थेचा कारभार पाहायचे हरि नारायण आपटे, महादेवरावांचे पुतणे. तेच, ‘पण लक्षात कोण घेतो?’वाले. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. घराघरांत ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूचं पुढे काय होणार म्हणून वाचक पुढच्या अंकाची वाट बघायचे. आता त्यांचं टेबल डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला यमूच्या प्रकरणाचं प्रूफ. उशीर झाला तर वाचक दारात. दुसऱ्या बाजूला काशीनाथशास्त्री आगाशे यांनी संस्थेसाठी पाठ शुद्ध करून दिलेल्या ग्रंथाचं प्रूफ. दहा वर्षं उशीर झाला तरी एक पोस्टकार्ड येणार नाही. एकाच माणसानं दोन्ही कामं वर्षानुवर्षं केली. मराठीतल्या एवढ्या लोकप्रिय कादंबरीकाराला खप म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल? माझा तर्क असा की ठाऊक होतं म्हणूनच, ज्याचं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय असा माल जपायला तो योग्य माणूस होता.

वाट पाहण्याची परीक्षा घेण्यात पुण्यातच दुसरी संस्था वरचढ निघाली. 1917 साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेनं 1919 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपयांचं पाठबळ दिलं. देशभरातल्या हस्तलिखितांशी श्लोक ताडून पाहायचे, तेही अक्षरागणिक. चौकटी आखलेला कागद, वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर मांडलेलं आणि खालच्या ओळींत प्रत्येक पोथीत त्या जागी काय आहे त्याची नोंद. या कामात एकूण 1,259 हस्तलिखितं लागली. छापील पानावर त्यातून वर काही श्लोक उरतात आणि खाली पाठभेदांचं बारीक टायपातलं कुरुक्षेत्र.

डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखाली आदिपर्वाचा पहिला हप्ता 1927 साली बाहेर पडला. मूळ ग्रंथ पुरा झाला 1966 साली. मधे सुकथनकर 1943 मध्ये गेले. संपादक म्हणून बेलवलकर आले, वैद्य आले. मला काळजी वाटते ती पहिल्या हप्त्याच्या खरेदीदाराची. तिशीत हप्ता घेतला असेल तर ग्रंथ पुरा होईतो तो सत्तरीला टेकला. म्हणजे स्वर्गारोहणपर्वाला अगदी वेळेवरच पोचला म्हणायचं.

अशा एका संस्थेत पुस्तक मागण्याचा अनुभव सगळ्यांनी एकदा घ्यावा. कर्मचारी आधी आपल्याकडे नीट बघतात. या माणसाला खरंच हे हवंय का, की पत्ता चुकलाय? मग शिडी लागते. वरून धूळ झटकल्याचा आवाज येतो. पुस्तक खाली येतं ते सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यातून, आणि पानं अजून कापलेली नसतात. इतकी वर्षं हा श्लोक कुणी पाहिलेला नाही, तो आपण पाहणार, ही चैन चार पैशांत दुसरीकडे मिळत नाही. कार्बन ठेवून पावती फाडतात, आणि सुट्या पैशांवरून थोडी बोलाचाली होते. वितरण व्यवस्था म्हणतात ती ही. बाकी माल विलायतेतल्या, जर्मनीतल्या ग्रंथालयांकडे पोस्टानं जातो, कधी नियतकालिकाच्या बदल्यात नियतकालिक असा.

आता यातलं बरंच स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट मिळतं. राखून ठेवलेल्या सर्व हक्कांचा निकाल लागला तो असा. मला त्याचं दुःख नाही. छापणाऱ्यांना पोचायचंच होतं, पोचले. पण पुढचा ग्रंथ छापायला कागद लागतो, शास्त्री लागतात, आणि आता हायकोर्टाचे वकील पालकाप्यावर पैसे घालत नाहीत.

तेव्हा जूनमध्ये मुलांची गाइडं घ्यायला अप्पा बळवंत चौकात जाल, तर लक्षात ठेवा, आनंदाश्रम तिथून हाकेच्या अंतरावर आहे. भांडारकर संस्था लॉ कॉलेज रस्त्याला. ग्रंथसूची मागून घ्या, एखादं पुस्तक विकत घ्या. जाताना कापडी पिशवी न्या आणि सुटे पैसेही न्या.