उल्कावाले काकाजी

नागपुरात डिसेंबरात दोन गोष्टी सहसा चुकत नाहीत: हिवाळी अधिवेशन आणि उल्कावाले काकाजींचा फोन. "१३च्या रात्री झोपून नका राहू, मिथुन आहे!" स्वतःचं नाव सांगत नाहीत. गरजही नसते; दर ले-आउटमध्ये असा एक काकाजी असतोच.

ऑगस्टातल्या ययातीच्या उल्का ते हिशेबात धरत नाहीत. तेव्हा विदर्भावर ढग. "थ्या युरोपवाल्याइच्या, आपल्या काही कामाच्या नाही." मिथुनच्या उल्कांचं मात्र सगळं कौतुक. बाकीच्या बहुतेक उल्का धूमकेतूंच्या, या फेथन नावाच्या लघुग्रहाच्या. तो १९८३ साली सापडला, हे ते पुतण्याची जन्मतारीख सांगावी तसं सांगतात.

गच्चीवर माकडटोपी, चटई, लाल कागद लावलेला टॉर्च. दुर्बीण आणणाऱ्याचा तिथंच उद्धार होतो: "उल्केले दुर्बीण लावतेत का बे? अख्खं आभाळ पाहा लागते!" डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात. एकोणिसाव्या मिनिटाला कुणाच्या तरी बायकोचा फोन येतो, मोबाईल उजळतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

उल्का दिसली तरी ती मंजूर व्हावी लागते. "कुणीकडून आली?" मार्ग मागे नेऊन कॅस्टर ताऱ्याशी जुळला तर वहीत नोंद, नाहीतर "फुटकळ आहे, आपली नाही." पुस्तकात तासाला १२० ते १५०, गच्चीवर जेमतेम चार. दोष कोराडीच्या वीजकेंद्राचा, उड्डाणपुलाचा आणि शेजारच्या हॅलोजनचा. आणि सगळ्यात मोठी उल्का पडते ती काकाजी थर्मासचं झाकण फिरवत असतानाच.

२०२२च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आभाळातून आग सरकत गेली, तेव्हा सगळ्यांनी काकाजींनाच फोन लावले. "उल्का इतकी हळू जात नसते, रॉकेट आहे थे!" सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत भलंमोठं धातूचं कडं सापडलं आणि काकाजींचा भाव वधारला. ती आग पडत असताना ते स्वतः घरात श्रीखंड खात होते, ही गोष्ट फक्त काकू सांगतात.

जानेवारी २०२४मध्ये पेंच देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' झालं, तेव्हापासून गच्ची त्यांच्या मनातून उतरली. आता पेंचच्या वाटेनं मनसरच्या पुढं जायचं असतं. माझं मत विचाराल तर माणूस त्रासदायक आहे, पण गावातले दिवे कमी करा म्हणणारा तेवढाच एक.

तर यंदा फोन आला की जा. रात्री दोनच्या सुमारास मिथुन रास डोक्यावर येते. चहा मात्र घरून न्या. काकाजींच्या थर्मासात साखर नसते.