शॉकअप ओझं उचलत नाही

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी माणसाकडे घर होतं, गवत कापायचं मशीन होतं, मागे डेक होतो आणि मग एके दिवशी पिकअप ट्रक येतो. कारण विचारलं तर ‘घरच्या कामाला बरा पडतो’ असं उत्तर मिळतं. पुढे, ट्रक आहेच तर ओढायला काहीतरी हवं म्हणून ट्रेलर येतो. ट्रेलर जोडला की ट्रक मागून बसतो, पुढून वर उठतो, त्याचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखं वाटायला लागतं. इथून सस्पेन्शनचा अभ्यास सुरू होतो.

डेन्व्हरच्या आमच्या एका स्नेह्यांचा हा अभ्यास मी जवळून पाहिला. घराच्या कर्जावर त्यांनी एका दुपारी सही केली होती. शॉकअपचा निर्णय होईपर्यंत मात्र झाडांची पानं गळली, बर्फ पडलं आणि वितळलंही. ट्रक फोर्ड एफ-१५०, मागे भरल्यावर ७,००० पौंड भरणारा ट्रॅव्हल ट्रेलर, आणि रस्ता आय-७०, जो आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर चढतो. म्हणजे प्रश्न अगदीच हौसेचा नव्हता.

त्यांची पहिली समजूत सगळ्यांची असते तीच होती. दणकट शॉकअप टाकले की गाडी जास्त ओझं पेलेल. पण ओझं शॉकअप उचलतच नाही. ते उचलतात मागचे पाटे आणि पुढच्या स्प्रिंगा. शॉकअप म्हणजे तेलाची नळी, तिच्यात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक झडपा. गाडी उसळली की तेलाला त्या झडपांतून रेटून जावं लागतं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन विरतो. पाटा हा घरातल्या मानी काकांसारखा असतो. मिळालेला धक्का परत केल्याशिवाय राहत नाही, आणि एकदा परत करून त्याचं भागतही नाही. शॉकअप ही काकू. ‘बरं, झालं ना आता, चहा घ्या,’ म्हणून ती विषय तिथेच मिटवते. घर काकांच्या खांद्यावर उभं असतं हे खरं, पण काकू दमल्या की त्या घरात राहवत नाही.

काकू दमतात त्याचीही कारणं आहेत. साध्या, दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच घरात नांदतात. लांबच्या खडबडीत रस्त्यावर दोघं घुसळले जाऊन तेलाला फेस येतो, आणि फेसाला कोण दाद देणार? एका नळीच्या प्रकारात उच्च दाबाचा नायट्रोजन एका सरकत्या दट्ट्याने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. फ्रान्सच्या द कार्बोन यांची ही कल्पना जर्मनीच्या बिलस्टाईनने १९५०च्या दशकात मोटारींत आणली. स्नेह्यांनी हे सगळं मला एका डोहाळजेवणात, हातातल्या पाणीपुरीचं पाणी गळत असताना समजावून सांगितलं.

मग मोह सुरू झाले. पहिला मोह दिसण्याचा. पिकअप कारखान्यातून येतो तोच मागून थोडा उंच. ओझं टाकल्यावर तो सपाट व्हावा अशी योजना असते. पण रिकामा ट्रक असा वाकून उभा राहिलेला मालकाला बघवत नाही. तो पुढून उचलून सपाट करून घेतो. झालं! आता ट्रेलर जोडला की ट्रक आकाशातले ग्रह-तारे बघत चालतो.

दुसरा मोह हवेच्या पिशव्यांचा. पाट्यांच्या जोडीला बसवायच्या, पंपाने फुगवायच्या, की बसलेला ट्रक डोळ्यांदेखत उठतो. काही पिशव्यांच्या नावातच ५००० हा आकडा असतो आणि तो वाचून माणसाची छाती पिशवीआधी फुगते. पिशवी मागचा भाग उचलते, एवढंच. ट्रेलरने मागे दाबल्यामुळे पुढच्या चाकांवरून जे वजन उठून गेलेलं असतं, ते परत आणण्याचं काम तिचं नाही. ते काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं. तिचे दोन पोलादी दांडे तरफेसारखे ताणले जातात आणि थोडा भार पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात.

या सगळ्याच्या वर एक स्टिकर आहे. चालकाचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेलं असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. जाहिरातीत ‘ओढतो किती’ ते मोठ्या अक्षरात येतं. ‘पाठीवर घेतो किती’ ते इथे, बारीक अक्षरात. स्नेह्यांच्या ट्रकवर आकडा होता १,६४०. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो. त्यांच्या बाबतीत ९००. हिचचं स्वतःचं १००. चौघांचं कुटुंब ६००. उरले ४०. या ४० पौंडांत बर्फाचा कुलर, खुर्च्या, हत्यारांची पेटी, सात लिटरचा कुकर आणि ‘जंगलात कुठे मिळणार’ म्हणून घेतलेलं दहा दिवसांचं भडंग बसवायचं होतं.

शॉकअप, पिशव्या, हिच, यातली कुठलीही वस्तू विकत घेऊन तो १,६४० बदलत नाही. पिशव्या बनवणारेही गाडीची मर्यादा ओलांडू नका असं स्पष्ट लिहितात. आस, ब्रेक, टायर जुनेच असतात. फक्त ट्रक वाकलेला दिसत नाही, म्हणून मालकाला वाटतं की झेपतंय. नाशिककडे कांद्याच्या हंगामाआधी पिकअपला मागे एक पाटा वाढवून घेतात, त्यामागेही हाच हिशेब असतो. कागदावर गाडी तीच राहते, पण आता ती ‘बसत नाही’ म्हणून आणखी चार गोणी चढतात.

शेवटी वहिनी म्हणाल्या, “अरे, अंदाज कसले लावतोस? वजन करून टाक ना.” इथल्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात, आयोवातल्या वॉल्कॉटची ही कंपनी १९७७पासून हेच काम करते. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर वेगवेगळ्या फलाटांवर उभे राहतात आणि चिठ्ठीवर तिन्ही आकडे सुटे येतात. ती चिठ्ठी स्नेह्यांनी जन्मपत्रिकेसारखी दोन्ही हातांत धरून वाचली. सगळे ग्रह मागच्या आसात होते.

त्यानंतरची खरेदी फार शांतपणे झाली. मूळ उंचीचेच, एका नळीचे शॉकअप घेतले. हिचचे दांडे नीट ताणून घेतले. पिशव्या, उंची वाढवणं, सगळं यादीतून गेलं. कुकर राहिला, पण ट्रकमधून ट्रेलरमध्ये, चाकांच्या वर गेला. हत्यारांच्या पेटीवर बराच वेळ चर्चा झाली आणि ती निम्मी झाली.

मग वहिनींनी विचारलं, “आणि टाकीतलं पाणी?” ट्रेलरची ४० गॅलनची टाकी ते घरूनच भरून नेत. म्हणजे ३३० पौंड पाणी बोगद्यापर्यंत चढवायचं, आणि उतरायचं कुठे, तर जिथे नळ आहे अशा कॅम्पग्राउंडवर. टाकी चाकांच्या पुढे असल्यामुळे त्यातला बराच भार थेट ट्रकच्या पाठीवर. स्नेह्यांनी खाली वाकून तोटी उघडली आणि ट्रक मागून हळूहळू वर आला. एवढ्या महिन्यांच्या अभ्यासात ही तोटी त्यांना कुठेच भेटली नव्हती. भेटणार तरी कशी? ती आधीपासून गाडीला होती, आणि जे आधीपासून आहे ते कुठलंच दुकान विकत नाही.