किती जीएसएम?

रविवारी सकाळी मी गाडीच्या बॉनेटवर फडकं टेकवलं आणि समोरच्या गच्चीतून आवाज आला, ‘‘सर, हात वर!’’

मी हात वर केले. भर भिंगारात, स्वतःच्या दारात, लुंगीवर. अण्णा दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले, माझ्या हातातलं फडकं चिमटीत धरून त्यांनी उन्हात बघितलं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘जुनं बनियन.’’

त्यांनी डोळे मिटले. मग अगदी हळू, आजाऱ्याचा ताप विचारावा तसं विचारलं, ‘‘किती जीएसएम?’’

हा माणूस तुमच्याही गल्लीत आहे. गाडी चौदा वर्षांची, विकायला काढली तर रिक्षाचे पैसेही यायचे नाहीत. पण तिच्या अंगावरचा रंग, रंगावरचं लॅकर, लॅकरवरचं मेण असा सगळा हिशोब मायक्रॉनमध्ये. गाडी धुण्याला हे लोक ‘डिटेलिंग’ म्हणतात. गाडी धुणं अर्ध्या तासात उरकतं. डिटेलिंग उरकत नाही.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मेण पुसून काढायला तीनशे-साडेतीनशेचं मायक्रोफायबर, धुतलेल्या गाडीवरचं पाणी टिपायला आठशेच्या पुढचं. विषय एवढाच. शहाणा माणूस इथे थांबतो, अण्णांची इथे सुरुवात होते. जगातलं कुठलंही कापड त्यांच्या हाती लागलं की अंगठा आणि तर्जनी आपोआप चोळायला लागतात. एका लग्नात मुलीच्या मामांनी त्यांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल चाचपला आणि म्हणाले, ‘‘अडीचशे. फार तर.’’ मामांचा चेहरा पडला. ‘‘अहो, चारशेला घेतलाय!’’ पुढची पंगत सगळी त्या टॉवेलावरच उठली.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात तर कहर झाला. अध्यक्षांनी शाल पांघरली, मी बोलायला उभा राहिलो, आणि पहिल्या रांगेतून अण्णा तीन बोटं दाखवायला लागले. मला वाटलं, तीन मिनिटांत आटपा म्हणतायत. एकतीस वर्षांची नोकरी मी तीन मिनिटांत आटपली. नंतर चहाला म्हणाले, ‘‘शाल तीनशेची आहे, सर. लोकरीला बरी.’’

चूक माझीच. त्या बनियनच्या सकाळी मी सहज म्हणून गेलो, ‘‘अण्णा, नवशिक्यानं काय काय घ्यावं?’’ त्यांनी खिशातून पेन काढलं. लग्नाच्या याद्या मी पाहिल्यात, पण अशी नाही. पीएच न्यूट्रल शाम्पू, कारण कपड्यांच्या साबणाने मेण उतरतं. मऊ हातमोजा, कारण स्पंजात खडा अडकतो. रंगात रुतलेले कण काढायला मातीची वडी. ती कोरडी फिरवायची नाही, तिला वेगळं वंगण. मग पॉलिश, मग ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण. टायरला वेगळं, काचेला वेगळं, डॅशबोर्डला वेगळं. माझ्या लग्नात मला एवढं कोणी नटवलं नव्हतं.

‘‘आणि बादल्या दोन. एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची. तळाला जाळी, म्हणजे माती वर येत नाही.’’

हे आमच्या दारात, जिथे नळाला पाणी आलं की बायका हातातलं लाटणं टाकून धावतात. आमची ही आतूनच म्हणाली, ‘‘गाडीला दोन बादल्या आणि तुम्हाला एक. घ्या की!’’ जाळीचा प्रश्न अण्णांनी घरच्या घरी सोडवला होता. त्यांच्याकडे गेल्या होळीला पुरण वाटायची वेळ आली तेव्हा चाळण सापडेना, ती मारुतीच्या सेवेत होती. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून शेवटचा हात एसीच्या नळीतून ठिबकलेल्या पाण्याचा; त्यात क्षार नसतात. ते पाणी अण्णा मेव्हण्याच्या दुकानामागून कॅन भरून आणतात. तीर्थ आणावं तसं, झाकण लावून.

बरं, माणूस बोलतो ते खोटं नसतं, हा खरा वैताग. रंगावरचा पारदर्शक थर असतो चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. आपल्याकडे पाथर्डी रस्त्याची धूळ दिवसभर गाडीवर बसते आणि आपण सकाळी तिच्यावर कोरडं फडकं फिरवतो. ‘‘पुसत नाही तुम्ही, सर, पॉलिशपेपर मारताय.’’ मी उन्हात वाकून बघितलं. बॉनेटभर बारीक गोल ओरखडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. सहा वर्षं मी मोठ्या प्रेमाने विणलेलं जाळं. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसत नाही, याबद्दल मी अण्णांना माफ केलेलं नाही.

भिंगार हे लष्करी कॅम्पाचं गाव. ब्रासोचा वास आणि बुटाचं पॉलिश इथल्या घराघरात मुरलेलं. अण्णांचे वडील कॅम्पातल्या वर्कशॉपात फिटर होते. 1994 साली इथे रणगाड्यांचं संग्रहालय झालं; आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अण्णा तिथे नेतात. बाकी रणगाडे लोक तोफेकडून बघतात, अण्णा पत्र्याकडून. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीसमोर मात्र ते नुसते उभे राहतात. तिथे मी त्यांना जीएसएम काढताना ऐकलेलं नाही.

शेवटी मी दोन बादल्या, शाम्पू, हातमोजा आणि दोन कापडं घेतली. कसं धुवायचं ते दाखवायला अण्णा आले आणि तीन तास स्वतःच धूत बसले. मला फक्त बादली सरकवायचं काम. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या गाड्या ते अशाच धुतात. पेपर टाकणाऱ्या पोराच्या सायकललासुद्धा फेस, हातमोजा, मेण, सगळं. पैशाचं नाव काढलं तर महिनाभर बोलत नाहीत.

गेल्या खंडेनवमीला मी प्रसाद घेऊन त्यांच्याकडे गेलो. पाटावर वडिलांचे पाने मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. अण्णा एकेक पाना उचलून पुसत होते. हातात फलालीनचा पिवळा तुकडा, ब्रासोने काळा पडलेला, मधे विरून पलीकडचं दिसेल इतका.

अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मी विचारलं, ‘‘अण्णा, किती जीएसएम?’’

त्यांनी वर बघितलं नाही.

‘‘फडकं आहे, सर,’’ म्हणाले, आणि पुढचा पाना उचलला.